बारा वाजता धारेवर

"गुडघे वाकव, कौशे. अन् खाली नको बघू, समोर बघ," नागूदादा म्हणाला आणि त्यानं माझा हात सोडून दिला.

मी घसरत निघाले. पायांना बांधलेल्या त्या दोन लांब पट्ट्या मला काही विचारत नव्हत्या, कुठं जायचं ते त्यांचं आधीच ठरलेलं होतं. दोन्ही बाजूंनी ओकची काळी झाडं सावकाश मागं जात होती. दर दहा-वीस झाडांआड एकावर सायकलची लाल रंगवलेली रिम खिळ्यानं ठोकलेली. धुकं एवढं दाट होतं की पुढची रिम दिसेपर्यंत मागची पुसून जायची. कुठंच आवाज नव्हता. हिंगोलीत मी सायकल दुकानाच्या माळ्यावर वाढलेली मुलगी, हातोडी आणि हवेचा पंप यांच्याशिवाय गेलेली एकही सकाळ मला आठवत नव्हती. इथं मात्र कोणीतरी जगाचं तोंड कापसानं बांधल्यासारखं वाटत होतं. मग मी धपकन बर्फात बसले आणि हसायला लागले. आठ वर्षांनी भावासमोर हसत होते, आणि ज्या कामासाठी आले होते ते पाच मिनिटं पार विसरले होते.

काम एकच होतं. नागूदादाला घरी न्यायचं, अप्पा असेपर्यंत.

दिवाळीनंतर अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. उरले ते तीन शब्द. "नागू आला का?" सकाळी तेच, दुपारी तेच, तोंडात घास दिला तरी तेच. ज्या बापानं भर बाजारात पोराच्या कानाखाली वाजवून "माझ्या दुकानाची पायरी चढू नको" म्हणून सांगितलं, तोच हा बाप. गिऱ्हाईकाची नवी सायकल न विचारता नांदेडच्या शर्यतीला नेली आणि पुढच्या चाकाचा चिमटा वाकवून आणला, एवढाच दादाचा गुन्हा. एकोणीस वर्षांच्या दादानं ते वाक्य अक्षरशः पाळलं आणि निघून गेला. आमच्या घरात सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बापाचा गेला नाही, लेकाचा तर नाहीच नाही.

आई माझ्या लहानपणीच वारलेली. आत्या अप्पांपाशी थांबली. आधी म्हणाली, एकटी पोर एवढ्या लांब जाऊ नको. मग तिनंच दशम्या बांधून दिल्या आणि सांगितलं, चांगलं धारेवर धर त्याला, पण आण. डॉक्टरांच्या मते अप्पा संक्रांत बघतील असं दिसत नव्हतं. दादाच्या शेवटच्या पोस्टकार्डावर एक शिक्का होता, कुमाऊंमधल्या लमखेत नावाच्या गावाचा. त्या शिक्क्याच्या जोरावर मी तेविसाव्या वर्षी डिसेंबरात काठगोदामला उतरले आणि तिथून दोन दिवस जीपमध्ये ओकत वर गेले.

लमखेतला एक ट्रेल होता. एका निवृत्त सुभेदारानं जंगलातून वर चढणारी आणि वळसा घेऊन गावात परत येणारी ती वाट बांधली होती. उन्हाळ्यात दिल्लीकडची मंडळी तिच्यावर सायकली हाणायची आणि बर्फ पडलं की त्याच वाटेवर स्की करायची. दादा वर्षातून एकदा चाकं उतरवायचा आणि पट्ट्या चढवायचा, त्याच्या कामाचं वर्णन तो असंच करायचा. त्या रिमाही त्याचीच युक्ती. निशाणं वाऱ्यानं फाटतात, रिमेला काही होत नाही. शिवाय धुक्यात माणूस मागं राहिला तर पुढच्यानं पान्ह्यानं रिम वाजवायची, म्हणजे वाट कुठं आहे ते ऐकू येतं.

हे सगळं मला कळलं ते नंतर, रिम वाजवण्याचं तर फारच उशिरा. आधी दार उघडलं ते एका बाईनं. उंच, गालांवर थंडीची लाली, आणि शालीखाली सातवा महिना. ती सुभेदाराची मुलगी पनुली. बाळ पोटात यायच्या आधी तीच लोकांना स्की शिकवायची. लग्न केल्याचं कळवायला दादाला पोस्टकार्डावर एका ओळीची जागा सापडली नव्हती. मी तिला वहिनी म्हटलं, तिनं मला भुली म्हटलं. मला वाटलं मला विसरभोळी म्हणतेय. मग कळलं की त्यांच्यात धाकट्या बहिणीला भुली म्हणतात. तिनं माझे पाय गरम पाण्यात ठेवले आणि स्वतःचे लोकरी मोजे मला घातले. मी तिच्यावर रागावायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

अप्पांचं सांगितलं तेव्हा दादा एक बेअरिंग तेलात बुडवत बसला होता. मी बोलत राहिले, तो बुडवत राहिला. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "खरंच माझं नाव घेत्यात?" मी हो म्हटलं. त्यानं बेअरिंग पुसून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी मला बर्फावर घेऊन गेला.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं चुलीपाशी जेवत होतो. पनुली भाकऱ्या भाजत होती. दादा ताटाकडं बघतच मराठीत बोलायला लागला, मीठ मागावं अशा सुरात.

"कौशे, वर नको बघू, जेवत राहा. उद्या बाराला माझी निळी पिशवी घिऊन धारंवर ये. मी सकाळी रिमा तपासायच्या म्हणून निघतो अन् तिथं थांबतो. पलीकडच्या अंगानं उतरलं की जीप मिळते."

"घरूनच का निघत नाहीस?"

"ह्या उंबऱ्यात पुन्हा आलो तर माझा पाय निघायचा नाही."

"अन् वहिनी?"

"खालून निरोप धाडीन. महिन्यात परत येतो म्हणून."

मध्ये बर्फानं रस्ता बंद झाला तर, असं मी विचारलं नाही. मला ते सुचलं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर अप्पांचं वाकडं झालेलं तोंड होतं. मी जेवत राहिले. पनुलीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, वर तूप घातलं आणि हिंदीत विचारलं, तुमची भाषा किती गोड आहे, काय बोलत होतात? दादा म्हणाला, घरच्या चिंचेबद्दल. आमच्या घरी चिंच नव्हती.

सकाळी दादा पान्हे घेऊन निघाला. पनुली आत आवरत होती, तेवढ्यात मी निळी पिशवी शालीखाली घेतली आणि बाहेर पडले. धार मला ठाऊक होती. गावाखाली दगडी गायमुखातून पाणी पडायचं, तिथंच आल्या दिवशी मी तोंड धुतलं होतं. "धारे पे पानी मीठा है," असं पनुलीच म्हणाली होती. दादा वर गेला तरी मागच्या जंगलातून वळसा घालून खाली येणार, आणि तिथून ओढा ओलांडून पलीकडं उतरायचं, असा हिशोब मी मनात नीट लावला. रस्त्यात एक म्हातारा भेटला. खातरी करावी म्हणून मी त्याला पाण्याची धार कुठं ते विचारलं. त्यानं खाली हात केला.

तिथं कोणी नव्हतं. गायमुखाच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या कांड्या लोंबत होत्या आणि मधून बोटाएवढं पाणी पडत होतं. धुकं खालून वर येत होतं, माझ्या अंगावरून जात होतं, आणि पुन्हा खालून नवं येत होतं. थोड्या वेळानं मला वाटायला लागलं की धुकं जागेवरच आहे आणि मीच दगडासकट हळूहळू खाली चाललेय. झोप नव्हती, पण जागही नव्हती. त्या गुंगीत मला हिंगोलीचं दुकान दिसलं. अप्पा गादीवर बसलेले, दादा पायरीवर, आणि दोघं एकाच चाकाच्या तारा आवळत होते. मला फार बरं वाटलं.

बाराला अजून थोडा वेळ होता तेव्हा पनुली घागर घेऊन उतरून आली. मला बघून ती जागच्या जागी थांबली. माझ्या मांडीवरच्या निळ्या पिशवीकडं तिनं बघितलं, मग वर डोंगराकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं. मी चोर सापडल्यासारखी बसून होते. ती पुढं आली. घागर पाण्याखाली लावली आणि माझ्या शेजारी दगडावर बसली. ओच्यातून भाजलेले काळे सोयाबीन काढून मूठभर मला दिले. आम्ही दोघी खात बसलो.

मग वरून आवाज आला. टण, टण, टण. थोडं थांबून पुन्हा टण, टण, टण. धुक्यातून येताना तो इतका मऊ व्हायचा की कुठल्या तरी लांबच्या देवळात आरती चाललीय असं वाटावं.

"ये क्या है?" मी विचारलं.

पनुलीनं घागरीकडं बघितलं. घागर भरून वाहत होती.

"हवा है, भुली," ती म्हणाली.

बारा वाजून गेले, साडेबारा झाले. तो आवाज थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मला रडू यायला लागलं. पनुलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "वो नहीं आएगा." इतक्या शांतपणे म्हणाली की हा दादाचाच निरोप आहे असं मी धरून चालले. त्याचा धीर झाला नसणार, आणि तोंड दाखवायला नको म्हणून बायकोला धाडलं असणार. मग ती म्हणाली, खालची शेवटची जीप दीडला आहे. आज रात्री मोठं बर्फ पडणार, मग महिनाभर काही हलणार नाही.

माझं डोकं फिरलं. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, तुझ्या नवऱ्याला सांग, बाप मेल्यावर तार करीन. ती पिशवी तिनं बाळ घ्यावं तशी दोन्ही हातांनी घेतली. जीप सुटली तेव्हाही वर तो आवाज चालूच होता.

अप्पांना मी खोटं सांगितलं. बर्फानं वाट बंद आहे, उघडली की नागू निघतो, म्हणून. त्यांना ते पटायचं. तासाभरानं पुन्हा विचारायचे, मी पुन्हा सांगायची. डॉक्टरांचा अंदाज चुकला. अप्पांनी संक्रांत बघितली, तिळगूळ चाटला, आणि रथसप्तमीला गेले. त्या पहाटेही तेच तीन शब्द होते. मी तार केली, "अप्पा गेले", बस. त्यानंतर दादाची पत्रं आली. दर वर्षी दोन-तीन तरी यायची. मी एकही न फोडता बंबात घातली. आता कसली कारणं ऐकायची? दुकान मी चालवायला घेतलं. बाई पंक्चर काढते म्हणून लोक आधी हसले, मग रांग लावायला लागले. लग्न केलं नाही. त्याचं खापर मी दादावर फोडत नाही. मला कोणी आवडलाच नाही.

असं एक तप गेलं. मग एका मे महिन्यात पाकीट आलं, त्यावरचं अक्षर दादाचं नव्हतं, म्हणून फोडलं गेलं. आत हिंदीत तीन ओळी होत्या. एकदा ये. मला तुला काही सांगायचं आहे. ते पत्रात लिहवत नाही. खाली सही, पनुली.

मी का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुकानाला बारा वर्षांत पहिल्यांदा कुलूप लावलं आणि गेले.

लमखेत ओळखू येईना. बर्फाच्या जागी बुरुंशाची लाल फुलं होती आणि सगळीकडं सायकलच्या घंट्या वाजत होत्या. दादा पाहुण्यांना घेऊन ट्रेलवर गेला होता, मुलगी शाळेत होती. पनुली घरात एकटी होती, केस थोडे पांढरे झालेले. तिनं चहा दिला आणि म्हणाली, आधी माझ्याबरोबर वर चल. आम्ही त्याच वाटेनं निघालो. रिमा तशाच होत्या, गंज चढलेल्या. एक-दोन झाडांनी आपली रिम अर्धी गिळलीही होती. तासाभरानं जंगल संपलं आणि आम्ही डोंगराच्या अगदी कण्यावर आलो. दोन्ही बाजूंना जमीन खाली गेलेली, समोर हिमालयाची पांढरी रांग, आणि तिथं एक पत्र्याची पाटी. पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: धार. खाली उंचीचा आकडा.

मी ती पाटी दोनदा वाचली.

"इसको धार कहते हैं?"

"हाँ. पहाड़ की पीठ. पानी वाला तो धारा है."

सह्याद्रीत हिंडणारी माणसंही डोंगराच्या कण्याला धार म्हणतात, असं मला नंतर कोणी तरी सांगितलं. पण हिंगोलीच्या सपाटीवर धार असते ती पाण्याची, दुधाची, नाहीतर विळ्याची. दादाला तिकडं जाऊन आठ वर्षं झालेली. तो माझ्याशी मराठीत बोलला, पण त्या मराठीत एक शब्द डोंगराचा झालेला होता, आणि तो त्याच्याही लक्षात आला नव्हता.

पनुली पाटीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता सांगायला लागली. चुलीपाशी आम्ही बोललो त्यातले दोनच शब्द तिला कळले होते. बारा आणि धार. नवरा चाललाय हे तिला तेवढ्यावरून समजलं. रात्रभर ती जागी होती. सकाळी मी निघाले तेव्हा तिनं मला अडवलं नाही, कारण कुठल्या तोंडानं अडवायचं? बाप मरायला टेकलेला. ती रडायला म्हणून खाली पाण्यावर गेली, तर मी तिथंच पिशवी घेऊन बसलेली.

"देवी ने ही बिठाया है, ऐसा लगा मुझे," ती म्हणाली. "एक बार मुँह खोलती, तो तुम घंटे भर में यहाँ होतीं. वो दो बजे तक रिम बजाता रहा."

"और उससे क्या कहा?"

तेही तिनं सांगितलं. तो खाली आला तेव्हा मी गेलेली आणि पिशवी घरात. तिनं त्याला सांगितलं, भुलीचं मन बदललं. जाताना ती सांगून गेली, वहिनीला अशी टाकून येऊ नको, मूल होऊ दे, अप्पांना मी समजावते. तो त्या पिशवीवर डोकं ठेवून रडला आणि राहिला. महिनाभर रस्ता खरंच बंद होता. त्यातच आठव्या महिन्यात कळा लागल्या, मूल आडवं आलं होतं. दादानं आणि सुभेदारानं तिला स्कीच्या पट्ट्यांवर बांधून सहा मैल खाली नेलं, म्हणून दोघी वाचल्या.

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हे मी लपवत नाही. पहाटेचे ते तीन शब्द माझ्या कानात होते, आणि ही बाई शेजारी बसून मला सोयाबीन चारत होती. हात उचललासुद्धा असेल मी, कारण ती डोळे मिटून उभी राहिली. म्हणाली, आता तो येईल, तू त्याला सांग. माझ्यानं बारा वर्षांत झालं नाही.

तेवढ्यात चढावरून दादा आला. सायकलवरून उतरला नाही, पडलाच जवळजवळ. सायकल गवतात टाकून त्यानं मला घट्ट धरलं. केस गेलेले, पोट आलेलं, हाताला वंगणाचा तोच वास. मागून पाहुण्यांच्या सायकली एकेक करून निघून गेल्या. मग तो मराठीत बोलायला लागला, अडखळत, शब्द शोधत.

"तू उत्तर नाही दिलंस, तरी दर पत्रात मी तेच लिवलं. कौशे, त्या दिवशी तू मला थांबवलंस म्हणून माझी पोरगी हाय. दुसरी कोणी असती तर वढून नेलं असतं मला."

मी पनुलीकडं बघितलं. तिला एक अक्षर कळत नव्हतं. ती फक्त आमची तोंडं वाचत होती.

"एकच विचारायचंय," दादा म्हणाला. "अप्पाला सांगितलंस ना, मी कामून नाही आलो ते?"

"सांगितलं."

"काय म्हणले?"

समोर ढग वर येत होते आणि एकेक शिखर झाकत होते. मला घाई नव्हती. बारा वर्षं मी अप्पांचे ते तीन शब्द कुणाला तरी सुनावायचे म्हणून धार लावून ठेवले होते, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"म्हणाले, बरं केलं नागूनं. बायकोला सोडून आला असता तर पायरी चढू दिली नसती."

दादा खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो हसत होता की रडत होता, कळेना. पनुली माझ्याजवळ आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बता दिया?"

"बता दिया," मी म्हटलं. "वो कहता है, इस बात पर अब कभी बात नहीं होगी. तुम भी मत करना."

तिनं दादाकडं बघितलं. त्यानं मान वर केली आणि ओल्या डोळ्यांनी तिच्याकडं बघून हसला. मग ती जी रडायला लागली, ती थांबेचना. गवतात बसली, पदर तोंडात घातला, तरी हुंदके बाहेर यायचेच. दादा गोंधळून माझ्याकडं बघायला लागला.

"हिला काय झालं? कामून रडायली?"

"नणंद घरी आली की भावजया रडतातच," मी म्हटलं.